वायदा, आंजेय

(6 मार्च 1926 – 9 ऑक्टोबर 2016). पोलिश चित्रपट व नाट्यदिग्दर्शक. जन्म ईशान्य पोलंडमधील सुवाल्की येथे. आई आनिएला शिक्षिका. वडील याकूब पोलिश पायदळात कॅप्टन होते. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांची जी हत्या केली, तीत खारकीव्ह येथे त्यांचाही अंत झाला. या सामूहिक हत्येला ‘कातिन हत्याकांड’ म्हणतात. साम्यवादी राजवटीत तिचा दोष जर्मनांच्या माथी मारला जाई. युद्धकाळात आंजेय भूमिगत ‘आर्मिया क्रायोवा’त (स्वदेश सेनेत) होते. क्राकूफच्या ललितकला अकादमीत त्यांनी काही वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतले व पुढे वूज (लॉड्झ) येथील चित्रपट विद्यालयात प्रवेश घेतला. त्यांच्या चौकटींची रचना चित्रकाराची आहे, हे बहुतेक समीक्षकांना मान्य आहे.

पोकोलेनिये (म. शी. ‘पिढी’, 1955), कानाव (म. शी. ‘गटार’, 1957) आणि पोप्यूव इ द्यामेंत (म. शी. ‘राख आणि हिरा’, 1958) हे त्यांचे पहिले तीन चित्रपट ‘युद्धत्रयी’ म्हणून ओळखले जातात. मात्र त्यांची योजना त्रयी म्हणून झालेली नव्हती.

या चित्रपटांशी निगडित असलेल्या ‘पोलिश संप्रदाय’ या संज्ञेचा (पन्नाशीच्या दशकातील पोलिश चित्रपटांचा एक प्रवाह) कालखंड वादग्रस्त आहे. समीक्षक आलेक्सांदर यात्स्क्येविच यांनी 1954 च्या सुमारास असा संप्रदाय उदयाला यावा अशी अपेक्षा व्यक्त केली होती. म्हणजे नाव आधी आले आणि चित्रपट मागाहून. काही अभ्यासक पोकोलेनियेपासून आरंभ धरतात, तर काही ऑक्टोबर 1956 मधील राजकीय शिथिलतेपासून. पोकोलेनियेची कथा साम्यवादी प्रतिकाराच्या अधिकृत इतिहासाला धरून चालते. तिचे छायाचित्रण आणि तरुण नटांचा अभिनय तेवढा नवा वाटतो. त्यामुळे त्याला पूर्वरंग मानणे अधिक सयुक्तिक ठरावे. संप्रदायाची अखेरही अशीच सैल आहे. चित्रपटांवर साम्यवादी पक्षाची पकड घट्ट करणारा जून 1960 चा ठराव आणि याच संप्रदायातील दिग्दर्शक आंजेय मुंक यांचा 1961 मधील अपघाती मृत्यू या दोन्ही घटना सीमारेषा म्हणून सांगितल्या जातात; काही जण ती 1963 च्याही पुढे नेतात.

कानावची पटकथा येझी स्तेफान स्ताविन्स्की यांनी जर्मन सत्तेविरुद्धच्या 1944 च्या वॉर्सा उठावातील स्वानुभवावरून लिहिली. गटारातून निसटू पाहणाऱ्या तुकडीपैकी दोघे अखेर गटाराच्या नदीकडील तोंडाशी पोहोचतात, तर पुढे लोखंडी गज. गजांपलीकडे व्हिस्तुला नदी आणि पैलतीरावरची झाडी दिसते, बाकी काही नाही. उठाव चिरडला जात असताना त्या तीरावर सोव्हिएत सैन्य थांबून होते, हे पडद्यावर सांगण्याची सोय नव्हती. वॉर्सातल्या प्रेक्षकाला ते सांगावेही लागले नाही. तरीही वीरगाथेची अपेक्षा असलेल्या प्रेक्षकांची मायदेशी निराशाच झाली. कान महोत्सवात मात्र त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

पोप्यूव इ द्यामेंत (इं. शी. ॲशेस अँड डायमंड्स) हा येझी आंजेयेफ्स्की यांच्या कादंबरीवर आधारित असून कथानक युद्धसमाप्तीच्या एका दिवस-रात्रीत बांधले आहे. कादंबरीत अनेकांपैकी एक असलेला, साम्यवादी पुढाऱ्याला मारायला निघालेला स्वदेश सेनेचा तरुण मारेकरी माचेक येथे केंद्रस्थानी येतो. स्बिग्न्येफ त्सिबुल्स्की यांनी ही भूमिका 1945 च्या पेहरावात न करता स्वतःच्या पद्धतीचे कपडे व काळा चष्मा घालून केली. दारूचे पेले पेटवत मृत साथीदारांची नावे आठवण्याचा प्रसंग कादंबरीत नाही. त्याची कल्पना सहायक दिग्दर्शक यानुश मोर्गेनश्टेर्न यांची असल्याचे सामान्यतः मानले जाते. माचेक उकिरड्यावर तडफडत मरतो. राजवटीच्या शत्रूची ती योग्य गती असे अधिकाऱ्यांना म्हणता आले. प्रेक्षक मात्र माचेकच्याच बाजूचे राहिले. लोत्ना (1959) मधील रणगाड्यांवर तलवारी उपसणारे घोडदळ इतिहासाला धरून नाही, ही टीका रास्त आहे.

साठच्या दशकातील त्यांची निर्मिती विषम आहे. जेम्या ओब्येत्साना (म. शी. ‘वचनदत्त भूमी’, 1975) मध्ये वूजमधील कापडगिरण्यांचे निर्दय जग येते. च्वोव्येक झ मार्मुरू (म. शी. ‘संगमरवरी माणूस’, 1977) ची पटकथा अनेक वर्षे परवानगीअभावी पडून होती. विटा रचण्याचा विक्रम करून प्रचाराचा नायक बनलेल्या आणि नंतर विस्मृतीत ढकललेल्या गवंड्याचा शोध एक विद्यार्थिनी घेते, असे त्याचे कथानक आहे. ग्दान्स्क महोत्सवात अधिकृत पुरस्कार नाकारला गेला, तेव्हा पत्रकारांनी वायदांना जिन्यात गाठून पुरस्कार म्हणून वीट दिली. याचा उत्तरभाग च्वोव्येक झ झेलाझा (म. शी. ‘लोखंडी माणूस’, 1981) सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या चळवळीवर आहे, तिचे नेते लेख वावेन्सा त्यात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक सुवर्णपर्ण मिळाले, पण डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर त्यावर बंदी आली. 1983 मध्ये वायदांचा ‘एक्स’ हा निर्मितिगटही बरखास्त झाला. त्याच सुमारास त्यांनी फ्रान्समध्ये दांतों (1983) हा फ्रेंच राज्यक्रांतीवरील चित्रपट केला.

1989–91 मध्ये ते सिनेटचे (पोलिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे) सदस्य होते. 2000 मध्ये त्यांना सन्मानार्थ ऑस्कर देण्यात आले. वडिलांच्या हत्येचा विषय त्यांना कातिन (2007) मध्येच हाताळता आला. पोविदोकी (2016) हा त्यांचा अखेरचा चित्रपट.

क्राकूफच्या स्तारी रंगमंदिरात त्यांनी केलेले, रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या कृतींवरील नाट्यप्रयोग नावाजले गेले. क्योतो पुरस्काराची (1987) रक्कम त्यांनी याच शहरात जपानी कलेचे संग्रहालय उभारण्यासाठी दिली. ते 1994 मध्ये खुले झाले.