दुखायचा थांबलेला दात

सोलापुरात दातांची परीक्षा कडक भाकरीवर होते. पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी शेंगाचटणीबरोबर ज्याला सहज चावता येते त्याचे दात उत्तम, असा इथला घरगुती निकष आहे, आणि एखादी आजी भाकरी दुधात कुस्करू लागली की घरच्यांना काय ते कळते. निकष खोटा नाही. फक्त त्याचा निकाल फार उशिरा लागतो.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते आणि शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तोच. परंतु त्यात जिवंत पेशीही नसतात आणि मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ते झिजताना दुखत नाही आणि एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरूनही येत नाही. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो खरे, पण ही कीड म्हणजे अळी नव्हे. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 मध्येच, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही दातात अळी सापडत नाही, असे नोंदवले होते. पुढे 1890 मध्ये अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरी यंत्रणा मांडली : तोंडातील जिवाणू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते.

तोंडातील सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की ही झीज सुरू होते, आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या जिलेबीपेक्षा यंत्रमागावर उभ्या उभ्या दिवसभरात आठ वेळा घेतलेला गोड चहा दातांना महागात पडतो. सुरुवातीला दातावर फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो, आणि एवढ्यावर लक्ष गेले तर फ्लोराइडयुक्त टूथपेस्टच्या नियमित वापराने हरवलेले खनिज बऱ्याच अंशी परत मिळवता येते. ब्रश केल्यावर फेस थुंकून टाकावा, मात्र लगेच खळाखळा चुळा भरू नयेत, कारण त्याने फ्लोराइडही धुऊन जाते.

खड्डा इनॅमलखालच्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, गेला की गार पाण्याची कळ येते; या टप्प्यावर साधे सिमेंट भरूनही काम भागते. जंतू आणखी खोल, नसेपर्यंत पोहोचले की रात्रीचा ठणका सुरू होतो, आणि मग काही दिवसांनी तो एकाएकी थांबतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. लवंगेच्या तेलाचा गुण आला असे वाटते, प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाशी निवांत पसरत असतो. पुढे गाल सुजतो तो त्यामुळे. रूट कॅनल उपचारात ही मेलेली नस काढून, मुळातील नलिका साफ करून त्यात गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात आणि ठिसूळ झालेल्या दातावर बहुधा कॅप बसवतात. दात काढण्यापेक्षा हे केव्हाही बरे, कारण काढलेल्या दाताच्या जागेकडे शेजारचे दात कलू लागतात.

हिरड्यांची गोष्ट याहून फसवी आहे. बिड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या या शहरात तंबाखू भाजून केलेली मिश्री अनेकींनी पहिल्यांदा दातदुखीवर औषध म्हणून लावली आणि मग ती सुटलीच नाही. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे रोगट हिरडीतूनही रक्त कमी येते आणि आतले हाड झिजत राहते. कीटण, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, काढल्याने दात हलतात, ही समजूत उलटी आहे : हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने फक्त दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात.

माव्यातील सुपारीचा परिणाम वेगळाच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक असून तिच्यामुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहता येते. ती जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत गेली नसेल, तर दंतवैद्याकडे जावे, मग ती दुखत नसली तरी.