नागरमोथा: पाण्यातला की बांधावरचा?

मृगाच्या आसपास बाग करणाऱ्यांमध्ये एक वाद ठरलेला असतो. नागरमोथ्याच्या कुंडीचं तळाचं भोक उघडं ठेवायचं की बुजवायचं? एक जण सांगतो, बुजवा, चिखल करा, वर दोन बोटं पाणी उभं राहू द्या. दुसरा म्हणतो, काही करू नका, तो मुरमातही येतो. जपायचं असेल तर शेजारच्या झाडांना जपा. गंमत म्हणजे दोघांच्याही कुंड्या हिरव्यागार असतात. कारण उघड आहे: दोघांकडे एकच वनस्पती नाही, नाव तेवढं एक आहे. एकाकडे पाणथळ नागरमोथा असतो, दुसऱ्याकडे लव्हाळा, म्हणजे बांधावरचं तण. हा घोळ रोपवाटिकांनी घातला असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्याकडे तो आयता आला. त्याआधी तो ग्रंथांतून, सरकारी यादीतून आणि उसाच्या फडातून फिरून आलेला आहे.

उटण्यातला नागरमोथा कोणाला सांगायला नको. वास तोच, किंचित कापरासारखा, खाली ओल्या मातीचा. या वासामागे माणूस फार पूर्वीपासून आहे. सुदानमधल्या अल खिदाय इथल्या प्रागैतिहासिक सांगाड्यांच्या दातांवरच्या किटणात या कुळातल्या गाठी खाल्ल्याच्या खुणा सापडल्या. ते संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रीसमधल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर सुगंधी तेलाच्या सामानात याच गोताच्या वनस्पतीची नोंद आहे. आपल्याकडे शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात राजा शिकारीचा बेत मोडतो आणि म्हणतो, रानडुकरांना डबक्यात खुशाल मुस्ता, म्हणजे मोथा, उकरू द्या. यात डबकं महत्त्वाचं. नाटककाराच्या डोळ्यांसमोरचा मुस्ता पाण्याकाठचा होता, रताळ्याच्या वाफ्यातला नव्हता.

संस्कृत निघंटूंनीही, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांनीही, पाण्याचाच धागा धरला. मुस्त्याची पर्यायी नावं पाहिली तर वारिद, अंबुद, मेघ, घन अशी ढगांची रांग लागते. भावप्रकाश या वैद्यकग्रंथात तर प्रतवारीच दिली आहे: अनूप देशात, म्हणजे पाणथळ मुलखात, उगवलेला मुस्ता चांगला, आणि त्यातही नागरमुस्ता श्रेष्ठ. जलमुस्ता म्हणून आणखी एक प्रकार येतो, पण तो बाजूला ठेवू; त्याची ओळख पटवण्यात पिढ्या गेल्या आहेत.

खरी गुंतागुंत ‘नागर’ या शब्दात आहे. संस्कृत वैद्यकात नुसतं ‘नागर’ म्हटलं तर सुंठ. तापात देतात त्या षडंगोदकाच्या, म्हणजे सहा औषधांच्या पाण्याच्या, श्लोकात मुस्ता पहिला येतो आणि नागर शेवटी, आणि तिथे नागर म्हणजे सुंठच. मध्ये पित्तपापडा, वाळा, चंदन बसलेले असल्यामुळे तिथे चूक होत नाही. पण पाठांतरातून, हस्तलिखितातून किंवा घाईत लिहिलेल्या चिठ्ठीतून हे दोन शब्द शेजारी आले की काष्ठौषधीच्या दुकानात काय बांधून मिळेल याचा भरवसा नाही. नागर म्हणजे शहरी, नागर म्हणजे नगराजवळ मिळणारा, नागर म्हणजे अमुक प्रांतातला, असे अर्थ पुढे लोकांनी लावले. माझ्या मते यातलं काहीच ठाम सांगता येण्यासारखं नाही. ग्रंथ एवढंच सांगतो की ती वेगळी आणि वरची जात आहे.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राने इथे मदत करायला हवी होती. त्याने एक गाठ सोडवली आणि दोन नव्या मारल्या. बांधावरच्या लव्हाळ्याला १७५३ मध्ये सायपरस रोटंडस हे नाव मिळालं, गोल गाठींवरून. त्याबद्दल भांडण नाही. पाणथळ नागरमोथ्याला एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नमुन्यांवरून सायपरस परटेन्युइस असं स्वतंत्र नाव दिलं गेलं. पुढे मात्र तो सायपरस स्कॅरिओससमध्ये घातला गेला, आणि हे नाव १८१० साली ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतीवरून ठेवलेलं होतं. अत्तराचे व्यापारी, तेलाचे कारखाने, लागवडीच्या पुस्तिका, सगळीकडे आज हेच परदेशी नाव चालतं. नाल्याकाठचा आपला नागरमोथा आणि ऑस्ट्रेलियातली ती वनस्पती खरोखर एकच का, हा प्रश्न खोदून विचारण्याची गरज व्यापाराला पडली नाही.

मग आयुर्वेदाचा अधिकृत सरकारी औषधीकोश तयार झाला आणि मुस्ता या नावापुढे सायपरस रोटंडस लिहिलं गेलं. हा निर्णय आजही अनेकांना खटकतो, आणि मलाही. बाजू दोन्हीकडून आहेत. निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की औषधीकोशाला एक वनस्पती, एक नमुना, एक परीक्षा लागते. लव्हाळा देशभर मिळतो, त्याच्यावर रासायनिक काम भरपूर झालं आहे, त्याची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बिनचूक ओळखता येते. पाणथळ नागरमोथा मूठभर भागांतून येतो, त्याचं शास्त्रीय नावच डळमळीत, मग त्याच्यावर कायदेशीर प्रत कशी बांधणार? हे म्हणणं पोकळ नाही. वैद्यकीची गरज आणि ग्रंथाचं वचन यात गरज जिंकली, एवढंच.

पण ज्याला ग्रंथांनी श्रेष्ठ म्हटलं तो यादीतून मागे पडला आणि ज्याला शेतकरी शिव्या देतो तो पुढे आला, हेही खरं आहे. याचा परिणाम औषधापेक्षा लागवडीवर जास्त झाला. कागदावर मुस्ता म्हणजे लव्हाळा ठरल्यावर मुस्ता मुद्दाम लावणार कोण? खुरपणीत निघालेल्या गाठी पोत्यात भरून विकता येतात. पाणथळ जमिनीत मोथ्याचं पीक घ्यावं, त्याला पाणी द्यावं, त्याची निगा राखावी, या विचाराला त्या काळात मागणीच उरली नाही. तणनाशक मारलेल्या रानातल्या गाठी औषधात जाव्यात का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आता विचारतात, पण दबक्या आवाजात.

इथे लव्हाळ्याची बाजू थोडी उलगडायला हवी, कारण ‘मोथा काय, कुठेही येतो’ हे वाक्य तिथून आलं. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती, हे आपण नम्रतेचा दाखला म्हणून सांगतो. त्या ओळीतला लव्हाळा नदीकाठचा, लवचिक, पुरात आडवा होऊन पुन्हा उभा राहणारा आहे. पाण्याकाठच्या अशा सगळ्या लवणाऱ्या गवतांना लोक लव्हाळा म्हणत आले. उसाच्या फडात हराळी आणि कुंद्याबरोबर ज्याचं नाव घेतात तो लव्हाळा मात्र नमून वाचत नाही, गाठीवर वाचतो. शब्द नदीवरून शेतात उतरला आणि तिथेच राहिला. आज कोणत्याही शेतकऱ्याला लव्हाळा म्हणा, त्याला पूर आठवणार नाही, खुरपं आठवेल.

एक रोप उपटून पाहा. दांडा बोटांच्या चिमटीत फिरवला की तीन कडा लागतात. खाली तारेसारखा धागा, त्याला काळपट गाठ, पुढे पुन्हा धागा, पुन्हा गाठ. माळ ओढत जावी तशी ती वितभर खाली सुटत जाते आणि शेवटी तुटतेच. ही माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. तुटली की झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणून खुरप्याने वर वर कापलेला लव्हाळा दाट होऊन परत येतो, आणि रोटाव्हेटर फिरवलेल्या रानात तर पेरल्यासारखा.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, पुढे बारमाही पाण्यावर ऊस वाढला आणि या तणाला वर्षभर ओलावा मिळाला. बेण्याबरोबर, शेणखताबरोबर, भाड्याच्या अवजारांच्या फाळांबरोबर गाठी फिरल्या. १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची जी क्रमवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात हा पहिला होता. ९२ देशांत आणि ५२ पिकांत नोंदलेला. पारंपरिक उपाय दोन होते: उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात करपवणं, किंवा रानात पाणी तुंबवणं. दुसरा उपायही आता पक्का राहिला नाही. फिलिपाइन्समध्ये भात आणि भाजीपाला आलटून पालटून घेतात, त्या खाचरांत पाण्याखालीही फुटणारा लव्हाळा तयार झाला, मोठ्या गाठींचा. उसात हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक आलं, पडीक रानात आणि बांधावर ग्लायफोसेट आधीपासून होतंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांच्या हातून वापरण्याचं बंधन घातलं. त्यावरचे वाद वेगळ्या लेखाचे. आपल्यापुरता मुद्दा असा की गेल्या काही दशकांत ‘मोथा’ या शब्दाभोवती जे लिहिलं गेलं, त्यात तो मारायचा कसा याचाच भरणा अधिक. जगवायचा कसा हे विचारणाऱ्याला त्याच लिखाणातून उत्तर मिळतं: काही करू नका.

पाणथळ नागरमोथ्याला पुन्हा विचारलं ते सुगंधाच्या व्यापाराने. वाळलेल्या मुळखोडांचं वाफेवर ऊर्ध्वपातन करून निघणारं तेल परदेशात सायप्रिऑल या नावाने ओळखलं जातं. वाळ्याच्या जवळ जाणारा, धुरकट, जड वास. अत्तरात तो इतर वासांना धरून ठेवतो. माल मुख्यतः मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या नाल्याकाठांवरून, जंगलातून गोळा होऊन येतो. लव्हाळ्याचं तेलही कमी प्रतीचं म्हणून टाकून देण्याजोगं नाही. १९६७ मध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून रोटंडोन नावाचा घटक वेगळा केला. तो नुसता नोंदीत पडून होता. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात शिराझ वाइनला मिऱ्याचा वास कशामुळे येतो याचा शोध घेताना तोच घटक समोर आला. ज्या तणाला आपण बांधावर फेकतो, त्याचं नाव असं वाइनच्या पेल्यात जाऊन बसलं.

मागणी वाढली तशी जंगलातल्या मालावर ताण आला, आणि नागरमोथा लावून घ्यावा अशा शिफारशी औषधी वनस्पतींच्या योजनांमधून येऊ लागल्या. सखल, पाणी साचणारी, भाताशिवाय दुसरं काही न येणारी जमीन. पावसाच्या तोंडावर मुळखोडाचे तुकडे. ओलावा तुटू न देणं. घरच्या बागेतला भोक बुजवण्याचा सल्ला इथून आला आहे. आणि तो बरोबर आहे, पण खऱ्या नागरमोथ्यापुरता. गाळाची माती, पूर्ण ऊन, उथळ पाणी, त्यात गप्पी मासे, दर वर्ष-दीड वर्षाने बेट फोडून निम्मं काढणं, एवढी त्याची अपेक्षा. थंडीत पानं पिवळी पडतात, ती मेलेली नसतात. कापून टाकायची आणि पाणी चालू ठेवायचं.

लव्हाळ्याला हे सगळं केलं तर तोही जगतो, त्यामुळे फसवणूक कळतच नाही. माझी अशीच झाली. रोपवाटिकेतून ‘नागरमोथा, पाण्यातला’ अशी चिठ्ठी लावलेली पिशवी आणली आणि शहाणपणाने गच्चीवरच्या टबात लावली. उरलेले दोन तुकडे फेकवेनात म्हणून अळूच्या वाफ्याच्या कडेला खोचले. टबातला छान वाढला. वाफ्यातला त्याहून छान. दिवाळीपर्यंत अळूच्या मुळांत माळा शिरल्या होत्या, आणि पुढच्या जूनमध्ये मी सगळा वाफा चाळणीने चाळून काढला. गाठी निघाल्या त्या बोरासारख्या गोल. नागरमोथ्याचं मुळखोड लांबट, किंचित वाकडं, अंगावर कड्यांच्या खुणा असलेलं असतं. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन दोन्ही मागवून शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं.

बाजारातली परिस्थिती आजही हीच आहे. औषधाच्या लेबलवर मुस्ता वाचलं तर आत बहुधा लव्हाळा. उटण्याच्या पुडीवर नागरमोथा वाचलं तर दोन्हीपैकी काहीही, कारण तिथे तपासणारं कोणी नाही आणि वास दोघांनाही आहे. रोपाच्या पिशवीवरचं नाव तर विकणाऱ्याच्या तोंडचं. काही औषधी बागांनी अलीकडे पाटीवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव आणि त्याखाली ‘पाणथळ’ किंवा ‘कोरडवाहू’ असा एक शब्द लिहायला सुरुवात केली आहे. औषधीकोशातली नोंद बदलण्याची मागणी अधूनमधून होते; एका मुस्त्याऐवजी दोन नोंदी असाव्यात, असं मागणाऱ्यांचं म्हणणं. त्याला अडसर तोच जुना आहे: दुसऱ्या नोंदीपुढे लिहायचं शास्त्रीय नाव कोणतं, बंगालमधलं की ऑस्ट्रेलियातलं?

माझ्या टबात सध्या कड्यांचं मुळखोड आहे. वाफ्यात अळू परत लावलं आहे, आणि आठवड्यातून एकदा त्याच्या कडेला तीन कडांचा एखादा कोंब वर आलेला दिसतोच.