मुतखड्याच्या सोनोग्राफीत निघालेली गाठ

सोलापूरच्या उन्हाळ्यात कंबर धरून सोनोग्राफीला आलेल्या बाईला मुतखड्याची शंका असते. खडा निघत नाही, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते: उजव्या अंडाशयात ‘सिम्पल सिस्ट’, म्हणजे पाण्याने भरलेली साधी गाठ, २८ बाय २४ मिलिमीटर. गाठ म्हटलं की घरात लगेच बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव निघतं.

ही धास्ती सोनोग्राफीपेक्षा जुनी आहे. पूर्वी अशी गाठ कळायची तीच मुळी पोट वाढल्यावर. १८०९ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड यांची सुमारे १० किलोची गाठ काढली, तीही भूल न देता. भूल तेव्हा होतीच कुठे! बाई वाचल्या. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोट तपासण्याचं तंत्र मांडलं. कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात त्यांना अंडाशयाची साधी गाठ दिसली, आणि ती काढता आली.

तरी १९७१ मध्ये अमेरिकी डॉक्टर सांगत होते, पाळी गेल्यावर अंडाशय नुसतं हाताला लागलं तरी ऑपरेशन करा. १९८०च्या दशकात योनिमार्गातून सोनोग्राफी आली आणि काही मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. त्या आधीही होत्याच. पाळी चालू असताना दर महिन्याला बीजाची पिशवी दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढते नि फुटते; एखादी फुटत नाही, पाण्याने भरून राहते आणि बहुधा दोन-तीन पाळ्यांत जिरते.

दिसलं की कापा, याचा हिशेब २०११ मध्ये लागला. अमेरिकेत ७८ हजारांवर बायकांच्या अभ्यासात अर्ध्याजणींची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी वर्षानुवर्षे केली. अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले नाहीत. कॅन्सर नसलेल्या १,०८० जणींचं मात्र ऑपरेशन झालं, आणि त्यांतल्या १५ टक्के बायकांना गंभीर त्रास झाला. त्याआधीच, २०१० मध्ये, अमेरिकी रेडिओलॉजिस्टांनी लिहून ठेवलं होतं: पाळी चालू असेल तर ३ सेंटिमीटरपर्यंतची साधी गाठ नॉर्मलच धरा.

पाळी गेलेली असेल, गाठीत घट्ट भाग दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी सिव्हिल गाठायचं. साध्या गाठीला घाईने सांगितलेली सीए-१२५ मात्र मला पटत नाही. टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात), अगदी पाळीच्या दिवसांतही तो आकडा चढतो.