फुगलेले कंडेन्सर आणि घटत गेलेले व्होल्ट

संगणक मधूनच रिस्टार्ट होतो, गेम सुरू केला की हँग होतो. दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून देतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. अशा वेळी दोष बऱ्याचदा वीजपुरवठ्यात असतो.

४८६ आणि १९९३ चा पहिला पेंटियम हे इंटेलचे प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे. एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येणारे ५ व्होल्ट थेट चिपला. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसे व्होल्ट उतरले, वॅट मात्र चढले. २००० सालचा पेंटियम ४ पावणेदोन व्होल्टच्या आसपास पन्नासेक वॅट खायचा, म्हणजे करंट ३० अँपिअरच्या घरात! एवढा करंट लांब वायरीतून आणला तर व्होल्टेज वाटेतच पडतं. तेवढेच वॅट १२ व्होल्टवर आणले तर करंट कमी लागतो. म्हणून १२ व्होल्ट आणून ते प्रोसेसरच्या अगदी शेजारी उतरवायची पद्धत रुळली. चार पिनांचा तो चौकोनी कनेक्टर तेव्हाचा.

चिप निवांत असते आणि क्षणार्धात पूर्ण जोरात धावू लागते. तेवढ्या वेळात एसएमपीएस सावरू शकत नाही. मधली उणीव प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे विजेचा छोटा साठा धरणारे डबे, भरून काढतात. आपले कारागीर त्यांना कंडेन्सर म्हणतात. सगळा भार या दोन-चार रुपयांच्या डब्यांवर, आणि काटकसरही नेमकी तिथेच.

२००० नंतर तैवानमधल्या काही उत्पादकांचे कंडेन्सर वर्ष-दोन वर्षांत फुटू लागले. आतल्या द्रावणात पाणी होतं, पण त्या पाण्यापासून ॲल्युमिनियम वाचवणारी रसायनं पुरेशी नव्हती. त्यातून हायड्रोजन तयार होऊन दाब वाढायचा. डब्याच्या माथ्यावर दाब सुटण्यासाठी फुलीसारखी खाच असते. ती फुगून उकलायची आणि वर तपकिरी खपली धरायची. कॅबिनेट उघडून नुसत्या डोळ्यांनी निदान व्हायचं. द्रावणाचं सूत्र कुणीतरी चोरलं, तेही अर्धवट, ही कथा तेव्हा फार रंगली, मला मात्र ती जरा जास्तच फिल्मी वाटते. नुकसान खरं होतं: आपल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी डेल कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढले.

मग मदरबोर्डच्या खोक्यांवर ‘सॉलिड कपॅसिटर’ (आत द्रावण नसलेले) ठळक अक्षरांत झळकू लागलं. एसएमपीएस मात्र आजही कित्येक जण कॅबिनेटसोबत येतो तोच लावतात. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकानुसार १२ व्होल्टमधला रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत हवा. लेबलवर छापलेले असतात व्होल्ट, वॅट आणि अँपिअर; रिपल सहसा नसतो.