बेसच्या कॅबिनेटपुढे कोणता माईक ठेवावा?

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की ती सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. तीस अंशांच्या उकाड्यात आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो. म्हणजे त्या ई स्वराची एक लाट साडेआठ मीटर, जवळपास २८ फूट लांब असते. आता ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेमधली मागची बेडरूम डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची. त्या स्वराची अर्धी लाटसुद्धा तिथे मावत नाही. आपल्याकडे घरच्या घरी बेस रेकॉर्ड करायचा तर तो अशाच खोलीत, किंवा फार तर वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या एखाद्या गाळ्यात. माईक निवडण्याचा विचार मला म्हणूनच खोलीपासून सुरू करावासा वाटतो. कॅटलॉगकडे नंतर वळू.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेचा बरोबर अर्धा भाग बसतो, ती लाट त्या खोलीत घुमते. दहा फुटांच्या अंतरासाठी हा आकडा येतो सुमारे ५७ हर्ट्झ (सेकंदाला ५७ कंप), बारा फुटांसाठी सुमारे ४८. बेसवर मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते, तिच्या पुढचा ए शार्प ५८ ला. एफ शार्प ४६ ला, जी ४९ ला. एकाच जोराने वाजवलेल्या ओळीतले हे चार स्वर खोलीत अंगावर येतात आणि त्यांच्या शेजारचे बिचकून मागे राहतात. बरं, हेही जागेनुसार बदलतं. भिंतीपाशी आणि कोपऱ्यात हे स्वर फुगतात, तर खोलीच्या मधोमध जवळपास गायब होतात. वादकाला वाटतं आपला हात कमीजास्त पडतोय. बहुतेक वेळा हात बिचारा ठीकच असतो.

गादी, पडदे, भिंतीवरचा फोम यांपैकी कशानेही हे थांबत नाही. दोन इंची फोम उंच स्वर शोषतो. २८ फुटांच्या लाटेला तो जाणवतही नाही. शेजारच्या गल्लीतला गणपतीतला डीजे बंद खिडक्यांमधून आत येतो तेव्हा गाणं ऐकू येत नाही, फक्त धडधड येते, तेही यामुळेच. खोलीवर उपाय एकच: माईक कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, जाळीला जवळजवळ चिकटवणं. मीटरभरावरचा माईक दहा सेंटीमीटरवर आणला की स्पीकरचा थेट आवाज कितीतरी पटींनी वाढतो. खोलीतून परतणारा आवाज मात्र होता तेवढाच राहतो.

म्हणून छोट्या खोलीत बेससाठी माईक निवडताना माझ्या लेखी पहिला प्रश्न हा असतो: चार बोटं अंतरावर तो कसा वागतो? ‘२० हर्ट्झपासून पुढे’ हा डब्यावरचा आकडा बराच नंतर येतो.

कारण जवळ गेल्यावर माईक बदलतो. स्टेजवर आणि घरी आपण जे माईक वापरतो ते बहुतेक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारे आणि पाठीमागचं टाळणारे. त्यांच्या पडद्याला पुढून हवा लागते, आणि बाजूच्या किंवा मागच्या फटींतून थोड्या लांबच्या वाटेने मागूनही लागते. पडदा हलतो तो या दोन दाबांतल्या फरकावर. आवाज लांबून येत असेल तर पुढचा आणि मागचा दाब जवळजवळ सारख्याच जोराचा असतो. फरक पडतो तो फक्त लाट मागे पोचायला लागणाऱ्या किंचित उशिराने. लाट जितकी लांब, तितका हा फरक क्षुल्लक. त्यामुळे खर्जातले स्वर अशा माईकला मुळातच अशक्त ऐकू येतात आणि बनवणाऱ्याला ते आतल्या रचनेने सावरून घ्यावे लागतात.

आता तोच माईक जवळ आणा. समजा, मागची वाट चार सेंटीमीटरने लांब आहे. आवाजाचा उगम एका बिंदूएवढा असेल आणि मीटरभरावर असेल, तर पुढचं अंतर १०० सेंटीमीटर, मागचं १०४. दाबात चार टक्क्यांचाही फरक नाही. उगम पाच सेंटीमीटरवर आणला तर पुढे पाच आणि मागे नऊ. मागचा दाब पुढच्याच्या निम्म्याच्या आसपास. हा नवा फरक लाटेच्या लांबीवर अवलंबून नाही, तो सगळ्या स्वरांना सारखाच मिळतो. वरच्या स्वरांकडे आधीच भरपूर फरक असतो, त्यांना ही भर जाणवत नाही. खर्जाकडे काहीच नव्हतं, त्याला घबाड मिळतं. याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात. निवेदक ओठ माईकला लावून बोलला की त्याचा आवाज अचानक भारदस्त होतो, तो याच कारणाने. बेसच्या स्पीकरपुढे हा परिणाम तोंडापुढच्यापेक्षा थोडा सौम्य असतो, कारण दहा इंची स्पीकरचा कागद काही बिंदू नव्हे. त्याच्या अगदी जवळ दाब इतक्या झपाट्याने उतरत नाही. पण निवड फिरवण्याइतका तो असतोच.

शुअरचा एसएम५७ घ्या. १९६५ सालापासूनचा हा माईक बहुतेक साउंडवाल्यांच्या पेटीत सापडतो. कंपनी त्याची मर्यादा ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ सांगते आणि लांबून ऐकताना तो २०० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. कागदावर पाहिलं तर बेससाठी नालायक. पण जाळीपासून दोन-तीन बोटांवर ठेवला की गेलेला खर्ज प्रॉक्झिमिटी इफेक्ट बराचसा परत आणून देतो, आणि तारेवर बोट घासल्याची, प्लेक्ट्रम आपटल्याची कडा त्याच्या उंच स्वरांतल्या उठावामुळे स्वच्छ येते. हाताशी एवढाच माईक असेल तर रेकॉर्डिंग पुढे ढकलू नका.

सेनहायझरचा एमडी ४२१ हा १९६० चा. त्याच्या शेपटीला पाच घरांची एक कडी आहे, ती फिरवून खर्ज टप्प्याटप्प्याने कमी करता येतो. जवळ ठेवण्याची किंमत किती मोजायची हे तुमच्या हातात ठेवणारा हा माईक आहे आणि तो मला फार शहाणपणाने केलेला वाटतो. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० (१९६८) वेगळी युक्ती वापरतो. त्याच्या लांब अंगावर फटींची रांग आहे. उंच स्वर पडद्याच्या मागे पोचतात ते जवळच्या फटींतून, आणि खर्ज पोचतो तो दूरच्या फटींतून. खर्जासाठी मागची वाट लांब झाली की त्याला मुळातच पुरेसा फरक मिळतो, सावरून घेण्याची गरज कमी पडते आणि जवळ आणल्यावरची सूजही कमी होते. माईक बोटभर पुढेमागे सरकला तरी स्वभाव फारसा पालटत नाही. बेसच्या कॅबिनेटसाठी एकच माईक निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

मग ड्रमच्या किकसाठीचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठीचे, मोठ्या तोंडाचे माईक? एकेजी डी११२, शुअर बीटा ५२ए, ऑडिक्स डी६. दुकानात बेसचं नाव काढलं की हेच समोर ठेवले जातात. ते प्रचंड आवाज सोसतात, खाली खोल जातात, हे खरं. पण यांतल्या बहुतेकांचा घाट किकच्या गरजेप्रमाणे असतो: खाली फुगवटा, चार किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार उठाव, आणि मधला भाग खोलगट. बेस गिटार बोलते ती नेमकी या मधल्या भागात. डी११२ मला त्यातल्या त्यात चालतो. डी६ मात्र मी बेसपुढे सहसा ठेवणार नाही, त्याचा मध्य फारच कोरलेला आहे.

‘मधल्या भागात बोलते’ हे ऐकून कोणी चमकेल, कारण बेस म्हणजे खर्ज अशीच आपली समजूत. ॲम्पेगचं आठ स्पीकरचं प्रसिद्ध कॅबिनेट एसव्हीटी-८१०ई पाहा. कंपनीच्या स्वतःच्या मोजमापानुसार ५८ हर्ट्झला ते तीन डेसिबलने उतरलेलं असतं आणि ४० हर्ट्झला दहा डेसिबलने. रॉक बेसचा जो दणदणीत आवाज आपल्या कानात बसला आहे, त्या पेटीतून ई स्वराची मूळ कंपनं अशी जेमतेमच बाहेर पडतात. वर आपल्या कानाची अडचण आहेच. ४० हर्ट्झचा शुद्ध नाद नुसता ऐकू यायलाही सुमारे ५० डेसिबलचा जोर लागतो.

तरीही स्वर ई आहे हे कळतं, कारण तार नुसती ४१ ला हलत नाही. ८२, १२४, १६५ अशी दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही तिच्यातून निघत असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो याच कुटुंबातला, पाचवा. या कंपनांमधलं समान अंतर मेंदू ओळखतो आणि मूळ स्वर स्वतः भरून काढतो. फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, पण ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर गाणं लावलेल्या मुलाला बेसची ओळ बरोबर गुणगुणता येते. माईकने पकडायची आहे ती ही वरची मंडळी, साधारण ८० हर्ट्झपासून दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंत.

तळाचा घट्ट खर्ज हवाच असेल तर त्याला सरळ वाट आहे. गिटारची केबल डीआय बॉक्समधून (गिटारचा विद्युत संकेत रेकॉर्डिंगला जुळवून देणारा डबा) थेट रेकॉर्डिंगमध्ये न्यायची. तिथे ना खोली, ना स्पीकर. केबलमधून तळ आणि माईकमधून कॅबिनेटचा स्वभाव, अशी वाटणी केली की माईककडून अशक्य ते मागावं लागत नाही.

हा स्वभाव माईक कुठे रोखला यावर इतका बदलतो की मॉडेलचा फरक त्यापुढे फिका पडावा. स्पीकरच्या मधल्या गोल टोपीसमोर सगळ्यात लख्ख, करकरीत आवाज. तिथून कागदाच्या कडेकडे सरकत गेलं की तो मऊ आणि गडद होतो. टोपी आणि कागद जुळतात ती जागा सुरुवातीला चांगली. तिथून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकवत ऐकायचं. ऐकणारा दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून बसलेला असावा. कॅबिनेटशेजारी उभं राहून यातलं काही कळत नाही.

पेटीला भोक (पोर्ट) असेल तर आणखी एक गंमत होते, आणि ती क्वचितच कोणी समजावून सांगतं. पोर्ट असलेल्या पेटीतली हवा एका ठरावीक वारंवारतेला स्प्रिंगसारखी घुमते. त्या वारंवारतेला आवाज काढण्याचं काम पोर्ट करतो आणि स्पीकरचा कागद जवळजवळ स्थिर राहतो. कागदाला चिकटवलेल्या माईकला मग नेमके तेच स्वर अशक्त ऐकू येतात, खोलीत ते कितीही भरदार असोत. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये स्पीकर जवळून मोजण्याची पद्धत मांडली, तिच्यातही पोर्टसमोरचं मोजमाप वेगळं घेऊन मिळवावं लागतं. आपण दुसरा माईक पोर्टपुढे ठेवू शकतो, पण बाहेर येणारा वारा टाळून, थोडा तिरका. रिबन माईक तिथे चुकूनही नको, त्याची पातळ पट्टी वाऱ्याने ताणली जाते. सोपं हवं असेल तर पोर्टचा वाटा डीआयवर सोडून द्यावा.

कंडेन्सर माईक, म्हणजे विद्युतभारावर चालणारा, घ्यावा का? नॉयमानचा यू ४७ फेट बेससमोर अप्रतिम लागतो, पण तो लाखांच्या घरात आहे. शिवाय कंडेन्सरला आपल्याकडचा पावसाळा मानवत नाही. त्याच्या कॅप्सूलभोवतीच्या सर्किटचा विद्युतरोध अफाट असावा लागतो. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत कॅप्सूलवर ओल धरली की विद्युतभार गळू लागतो आणि चटचट, फटफट आवाज येतात. एसीच्या खोलीतून गरम खोलीत नेलेला माईक तर लगेच घाम धरतो. सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवणार असाल तरच कंडेन्सर घ्या. कॉइलच्या डायनॅमिक माईकला हे सोपस्कार लागत नाहीत.

डायनॅमिकची दुखरी नस वेगळी. आतली कॉइल ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही ‘ऐकते’. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) जी ४९ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो, आणि फिल्टरने गुणगुण कापायला जावं तर स्वरही कापला जातो. म्हणून ॲम्पचं डोकं कॅबिनेटवरून उतरवून दोन-तीन फूट लांब ठेवा, कोणी काही वाजवत नसताना माईक अंगाभोवती हळूहळू फिरवून पाहा; एका ठिकाणी गुणगुण बरीच घटते. आरई२० मध्ये ही गुणगुण खोडणारी वेगळी कॉइलच बसवलेली असते.

शेवटचं काम डीआय आणि माईक जुळवण्याचं. केबलमधून आवाज तत्काळ पोचतो, हवेतून ३५ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद लागतो. एवढ्या उशिराने दोन्ही समान जोराने मिसळले तर ५०० हर्ट्झला एक दुसऱ्याला खोडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. खड्डे पडतात ते नेमके मधल्या भागात. माईक पाच-सात सेंटीमीटरवर असेल तर पहिला खड्डा अडीच किलोहर्ट्झला किंवा त्याहून वर जातो आणि त्रास खूप कमी होतो. उरलेला उशीर संगणकावर माईकचा ट्रॅक किंचित आधी सरकवून भरून काढायचा. त्याआधी माईकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) एकदा उलटी करून दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकायचे, आणि ज्या बाजूला तळ भरलेला लागतो ती ठेवायची.