क्लार्क्स (ॲनिमेशन मालिका)

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील प्रौढांसाठीची अल्पायुषी विनोदी ॲनिमेशन मालिका. केव्हिन स्मिथ, डेव्हिड मँडेल आणि स्कॉट मोझियर हे तिचे कर्ते. प्रत्येकी सुमारे २२ मिनिटांचे सहा भाग तयार झाले. त्यांतले दोनच एबीसी वाहिनीने ३१ मे आणि ७ जून २००० या लागोपाठच्या दोन बुधवारी दाखवले व मालिका बंद केली. सहाही भाग प्रेक्षकांच्या हाती पडले ते थेट २० फेब्रुवारी २००१ रोजी, दोन डीव्हीडींच्या संचातून. व्हीएचएस फितीवरही ती निघाली. कॉमेडी सेंट्रल वाहिनीने उरलेल्या भागांसह ती दाखवली तोवर डिसेंबर २००२ उजाडला होता. तेव्हा ‘दूरचित्रवाणी मालिका’ हे वर्गीकरण सोयीपुरतेच. सलग कृती म्हणून क्लार्क्स आधी घरात पोहोचली आणि वाहिनीवर मागाहून आली.

‘प्रौढांसाठी’ हा शब्द येथे जपून वाचावा. आपल्याकडे ‘ॲडल्ट’ म्हटले की ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा आठवतो. अमेरिकेत मात्र द सिम्प्सन्स (१९८९पासून) या मालिकेच्या यशानंतर ही संज्ञा रात्री दाखवायच्या, नोकरी-संसार-सिनेमा यांवर बोट ठेवणाऱ्या कार्टूनसाठी रुळली. डीव्हीडीच्या वेष्टनावर ‘अनसेन्सर्ड’ असे छापले असले, तरी मालिका मुळात वाहिनीसाठीच लिहिलेली असल्याने तिच्यात शिवराळपणा फारसा नाही. ग्राहकाला खुणावणारा शब्द एवढाच त्याचा अर्थ धरावा.

मालिकेचा उगम कोठे मानावा याबाबत मात्र थोडे तपशिलात जावे लागते. सर्वमान्य मूळ म्हणजे स्मिथ यांचा १९९४चा क्लार्क्स हा कृष्णधवल चित्रपट. सुमारे २७,५७५ डॉलरांत केलेला हा चित्रपट न्यू जर्सी राज्यातील लिओनार्दो या गावच्या ‘क्विक स्टॉप’ दुकानात चित्रित झाला. स्मिथ दिवसा तेथेच नोकरी करीत, म्हणून चित्रीकरण रात्री चाले. बाहेर अंधार का, हे प्रेक्षकाला विचारता येऊ नये म्हणून कथेत दुकानाच्या शटरच्या कुलपांत च्युइंगम कोंबलेले दाखवले. नुसत्या संवादांमुळे या चित्रपटाला आधी ‘एनसी-१७’ हे कडक प्रमाणपत्र मिळाले होते. अपिलानंतर ते त्याहून सौम्य ‘आर’ झाले. पुढे १९९५मध्ये टचस्टोन या डिस्नीच्या निर्मितीसंस्थेने याच कल्पनेवर खऱ्या नटांचा एक नमुना-भाग काढला. त्यात स्मिथ यांचा सहभाग नव्हता, रँडल या प्रमुख पात्राचे काम जिम ब्रूअर यांनी केले होते आणि तो कोणत्याही वाहिनीने उचलला नाही. तिसरा पूर्वज म्हणजे १९९८मध्ये ओनी प्रेस या कॉमिक प्रकाशकाने काढलेले, जिम महफूड यांनी चित्रे काढलेले क्लार्क्स कॉमिक.

मालिकेला चित्रपटाची थेट पुढची पायरी मानण्याकडे सामान्यतः कल असतो. पात्रे, आवाज आणि दुकान पाहता ते बरोबर आहे. पण चित्रपटाचा जीव गल्ल्यामागच्या अघळपघळ गप्पांत आहे, तर मालिकेचा जीव अशक्य घटनांच्या साखळीत. ही रीत चित्रपटापेक्षा कॉमिकच्या अधिक जवळची दिसते. १९९५च्या नमुना-भागाला पूर्वज म्हणावे ते केवळ कालक्रमाने.

मांडणी साधी आहे. क्विक स्टॉप हे पाव-दूध-सिगारेटपासून मासिकांपर्यंत सगळे ठेवणारे, उशिरापर्यंत उघडे असणारे किरकोळ दुकान; शेजारी आरएसटी व्हिडिओ ही फिती भाड्याने देणारी लायब्ररी. पहिल्यात डँटे हिक्स, दुसरीत रँडल ग्रेव्ह्ज. डँटे कर्तव्यदक्ष आणि रडका; रँडल आपले दुकान ओस टाकून त्याच्या गल्ल्यापाशी रेंगाळणारा. ब्रायन ओहॅलोरन आणि जेफ अँडरसन या मूळ नटांनीच त्यांना आवाज दिले. दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभे राहणारे जे आणि सायलेंट बॉब (जेसन म्यूज आणि स्वतः स्मिथ) चित्रपटात गांजा विकतात; वाहिनीच्या मर्यादांमुळे मालिकेत त्यांच्या हाती बेकायदा फटाके आले. नवे पात्र म्हणजे लिओनार्दो लिओनार्दो हा खलनायकी धनाढ्य. त्याचा आवाज ॲलेक बाल्डविन यांचा. पहिल्या भागात तो क्विक स्टॉपसमोर ‘क्विकर स्टॉप’ काढतो. पात्रांची जाड रेषेची, टोकदार कोनांची रचना स्टीफन सिल्व्हर यांची. त्यांनीच पुढे किम पॉसिबल आणि डॅनी फँटम या मालिकांसाठी पात्रे रेखाटली. संगीत जेम्स एल. व्हेनेबल यांचे.

भागांचा क्रम हा या मालिकेच्या अभ्यासातला खरा गुंता. एबीसीने पहिल्या भागाला हात न लावता आधी चौथा भाग दाखवला आणि नंतर दुसरा. चौथ्याचे शीर्षकच मोठे लांबलचक आहे. मराठीत ते साधारण असे होईल : ‘न्यायालयात कधी पाऊल न टाकलेल्या, कायद्यातले ओ की ठो न कळणाऱ्या, पण न्यायालयीन थरारपट नको इतके पाहिलेल्या लोकांनी अमेरिकन न्यायव्यवस्थेवर लिहिलेला प्रबंध’. दुकानात सांडलेल्या पेयावरून जे घसरतो आणि भरपाईचा दावा लावतो. रँडल वकील म्हणून उभा राहतो. जज्ज म्हणून जज राइनहोल्ड हा नट अवतरतो (विनोद एवढाच, की त्याच्या नावातच ‘जज’ आहे). ज्यूरीत बास्केटबॉलपटू बसलेले. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात रँडल नामांकित दिग्दर्शकांना बोलावतो आणि खटला बाजूला सोडून त्यांच्या पडलेल्या चित्रपटांचा जाब विचारतो. शेवटाकडे कथा एकाएकी तुटते आणि उरलेला भाग कोरियन चित्रकारांनी आपल्या मनाने पुरा केल्याचे सोंग आणले जाते : रेषा बदलते, गाडी धावू लागते, आणि ती एक अस्वल चालवीत असते. अमेरिकन कार्टूनची बरीचशी हातमजुरी कोरियात होते हे ठाऊक असलेल्याला हा विनोद दुप्पट लागतो. प्रेक्षकाची मालिकेशी ओळख व्हायची होती त्या रात्री हे सारे त्याच्यापुढे आले, हे मात्र विसरू नये.

दुसऱ्या भागाची कथा याहून अवघड. अमेरिकन विनोदी मालिकांत खर्च वाचवण्यासाठी जुन्या भागांचे तुकडे ‘आठवणी’ म्हणून जोडून एक भाग उरकण्याची जुनी रीत आहे. दीर्घकाळ चाललेल्या मालिकेलाच ती परवडते. क्लार्क्सने ती दुसऱ्याच भागात वापरली, आणि थट्टा होती ती हीच. डँटे आणि रँडल दुकानाच्या शीतकपाटात अडकतात आणि जुने दिवस आठवू लागतात. पण आठवायला मागे एकच भाग असल्याने तेच ते प्रसंग पुन्हा येत राहतात. पहिला भाग नुकताच पाहिलेल्याला हसू आवरत नाही. ७ जूनच्या प्रेक्षकाने तो पाहिलेलाच नव्हता. त्याला दिसल्या त्या कधीही न घडलेल्या गोष्टींच्या आठवणी.

वाहिनीने हा क्रम का निवडला याची जी कारणे सांगितली जातात, ती बहुतेक निर्मात्यांच्या बाजूची आहेत आणि डीव्हीडीवरच्या त्यांच्या भाष्यातून पसरली आहेत. त्यांत चुरचुरीत किस्से खूप. पण ती एका पक्षाची कैफियत म्हणूनच वाचावी. क्रमाबाबत मात्र वादाचे कारण उरत नाही. काही सूचींत प्रक्षेपणाच्या तारखेनुसार चौथा भाग ‘पहिला’ म्हणून दिलेला आढळतो. डीव्हीडीवरचा निर्मितिक्रमच ग्राह्य धरणे योग्य, कारण दुसऱ्या भागाचा विनोद त्या क्रमाशिवाय उभाच राहत नाही.

डीव्हीडी संचात प्रत्येक भागाआधी जे आणि सायलेंट बॉब यांच्या वेषात म्यूज व स्मिथ प्रत्यक्ष येऊन प्रस्तावना करतात. सर्व भागांना निर्मात्यांचे ध्वनिभाष्य आहे. शिवाय कच्च्या रेखाटनांची चलत्‌चित्रे आणि पात्ररचनेविषयीचा एक भाग. २००१मध्ये ही मांडणी नवीच होती. अमेरिकेत डीव्हीडी १९९७मध्ये आली. एखाद्या मालिकेचा पूर्ण हंगाम एकाच पेटीत विकण्याची पद्धत साधारण २०००पासून जोर धरू लागली. क्लार्क्सचे सहाच भाग असल्याने दोन डीव्हीडींत सगळे मावले. दुसरी सोय मालकीची. चित्रपट वितरित करणारी मिरामॅक्स (१९९३पासून) आणि एबीसी (१९९६पासून) या दोन्ही डिस्नीच्या घरच्या, ॲनिमेशनही डिस्नीच्या दूरचित्रवाणी विभागाचे. मालिका बंद करणारे आणि विकणारे घर एकच असल्याने हक्कांची ओढाताण झाली नाही आणि आठ-नऊ महिन्यांत संच दुकानात आला. मिरामॅक्स २०१०मध्ये डिस्नीने विकून टाकली.

समकालीनांशी तुलना केली की हा वेग नजरेत भरतो. एनबीसी वाहिनीची गॉड, द डेव्हिल अँड बॉब ही त्याच वर्षीची मालिका : तेरा भाग तयार, चार दाखवून बंद, अमेरिकेत डीव्हीडी २००५मध्ये. द क्रिटिक (१९९४–९५) आणि मिशन हिल (१९९९–२०००) यांचेही संच अनुक्रमे २००४ आणि २००५मध्येच निघाले. डीव्हीडीच्या खपामुळे बंद पडलेली कार्टून मालिका परत सुरू होण्याचे ठळक उदाहरण म्हणजे फॅमिली गाय : २००२मध्ये बंद, २००३मध्ये संच, मे २००५मध्ये पुनरागमन. क्लार्क्सला कधीकधी या प्रवाहाची ‘आद्य’ मालिका म्हणतात. आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना करणे सुरक्षित. पुनरुज्जीवनाचे श्रेय तिला देता येत नाही, कारण तिचे नवे भाग कधी निघाले नाहीत.

सहाव्या भागाचे शीर्षक ‘अगदी शेवटचा भाग’ असेच होते. त्यात चाहते तक्रार करतात की मालिका चित्रपटासारखी नाही. मग डँटे आणि रँडल दिवसभर दुकान सोडत नाहीत, आणि बाहेर जत्रेत चाललेला सगळा गोंधळ त्यांना व प्रेक्षकालाही जवळजवळ दिसत नाही. अखेरीस चक जोन्स यांच्या डक अमक (१९५३) या लघुपटाच्या धर्तीवर चित्रकाराचा हात त्यांना खोडतो, भलत्या देहांत घालतो, पार्श्वभूमी ओढून घेतो. तो हात असतो जेचा.

कॉमेडी सेंट्रलनंतर २००८मध्ये ॲडल्ट स्विम या वाहिनीनेही मालिका दाखवली. मूळ अमेरिकन संच प्रदेश-संकेत १चा (डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागातल्या यंत्रावर चालावी हे ठरवणारा हा संकेत). भारत संकेत ५मध्ये मोडत असल्याने इथल्या कुलूपबंद यंत्रावर तो चालत नाही. सेल आउट या नावाचा, थेट डीव्हीडीवर काढायचा ॲनिमेशनपट स्मिथ यांनी योजला होता. डँटे आणि रँडल आपल्याच दुकानातल्या आयुष्यावर सिनेमा काढतात, अशी त्याची कल्पना. तो झाला नाही. हीच कल्पना स्मिथ यांनी २०२२च्या क्लार्क्स ३ या चित्रपटात, खऱ्या नटांना घेऊन वापरली.