श्रीलंकेहून माल मागवताय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

भारत आणि श्रीलंका यांच्या मुक्त व्यापार करारावर २८ डिसेंबर १९९८ रोजी सह्या झाल्या आणि १ मार्च २००० पासून तो लागू झाला. या कराराखाली श्रीलंकेचा बराचसा माल मूळ सीमाशुल्क न भरता भारतात आणता येतो. मात्र ‘श्रीलंकेचा माल’ या शब्दांचा बाजारातला अर्थ वेगळा आणि करारातला अर्थ वेगळा. घोटाळा होतो तो इथेच. माल बंदरात उतरल्यावर यातलं फार थोडं सुधारता येतं, म्हणून हे पत्रक ऑर्डरच्या आधी वाचायचं आहे.

पैशांचा फरक किती पडतो

समजा, मालाचं करपात्र मूल्य १०,००,००० रुपये आहे, मूळ शुल्क ३० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) ५ टक्के. सवलत नसेल तर मूळ शुल्क ३,००,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ३०,००० रुपये, आणि १३,३०,००० रुपयांवर आयजीएसटी ६६,५०० रुपये. एकूण ३,९६,५०० रुपये. सवलत मिळाली तर मूळ शुल्क शून्य, म्हणून अधिभारही शून्य, आणि आयजीएसटी फक्त ५०,००० रुपये.

आयजीएसटीला कुठलाच मुक्त व्यापार करार माफी देत नाही, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून तो वळता करता येतो. मूळ शुल्क आणि अधिभार मात्र भरले की गेले. तुमची किंमत बाजारात टिकते की नाही, हे याच ३,३०,००० रुपयांवर ठरतं. काही शेतमालावर कृषी अधिभारही (एआयडीसी) असतो. तो हिशेबात धरायचा की नाही, हे त्या वस्तूच्या कोडनुसार आधीच पाहून घ्यावं.

वस्तू सवलतीत बसते का

आठ अंकी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूचा वर्गीकरण क्रमांक, हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. करार झाला तेव्हा भारताने ४२९ वस्तू सवलतीबाहेर ठेवल्या होत्या, त्यात रबर व प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तू होत्या. काही मालाला वर्षाचा कोटा आहे: चहा १.५ कोटी किलो, तयार कपडे ८० लाख नग, मिरी २,५०० टन, वनस्पती तूप, बेकरी शॉर्टनिंग आणि मार्गारीन मिळून २.५ लाख टन. वनस्पतीवर मर्यादा आली त्यामागे कारण होतं. श्रीलंकेत कच्च्या पामतेलावरचं शुल्क भारतापेक्षा कमी, त्यामुळे तिथे तेल आणून, वनस्पती करून भारतात पाठवणं फायद्याचं झालं होतं आणि इथल्या कारखान्यांवर त्याचा ताण आला.

मिरीच्या बाबतीत आणखी एक अट आहे. सीआयएफ किंमत (माल, विमा आणि भाडं धरून) किलोला ५०० रुपयांपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारण आयातीला परवानगीच नाही. शुल्क शून्य असलं तरी ही अट सुटत नाही.

दालचिनी घेणाऱ्यांनी कोड विशेष काळजीने पाहावा. खरी सिलोन दालचिनी ०९०६ ११ मध्ये जाते. जाड सालीची कॅसिया, जिला आपल्याकडेही सर्रास दालचिनीच म्हणतात, ती ०९०६ १९ मध्ये. मूळ देशाच्या दाखल्यावर एक आणि आत दुसरी निघाली तर प्रश्न कोडपुरता राहत नाही, माल मुळात कुठल्या देशाचा, इथवर जातो.

माल ‘श्रीलंकेचा’ कधी ठरतो

तिथे पिकलेला, तिथल्या खाणीतला किंवा तिथल्या समुद्रातला माल असेल तर विषय सोपा. कारखान्यात तयार झालेल्या मालाला मात्र तीन कसोट्या लागतात. बाहेरच्या देशांतून आलेल्या कच्च्या मालाची किंमत तयार मालाच्या एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) ६५ टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे किमान ३५ टक्के मूल्यवर्धन हवं. तयार मालाचं चार अंकी हेडिंग (एचएस कोडचे पहिले चार अंक) त्या कच्च्या मालाच्या हेडिंगपेक्षा वेगळं हवं. आणि शेवटची प्रक्रिया श्रीलंकेतच झालेली हवी.

भारतातून गेलेला कच्चा माल वापरला असेल तर तो मोजणीत धरता येतो. मग दोन्ही देशांचा वाटा मिळून ३५ टक्के आणि त्यात एकट्या श्रीलंकेचा किमान २५ टक्के हवा. एफओबी १०० रुपये धरा. श्रीलंकेचे ३० आणि भारताचे १५ असतील तर या कसोटीत माल पास. श्रीलंकेचे २२ आणि भारताचे ३० असतील तर बेरीज ५२ होऊनही नापास, कारण २५ ची अट मोडली. पुरवठादाराचा हिशेब चुकतो तो हमखास इथे. तो बेरीज दाखवतो, तुम्ही वाटा विचारा.

नुसतं वाळवणं, चाळणं, धुणं, कापणं किंवा पाकीट बदलणं याने मूळ देश बदलत नाही. व्हिएतनामची मिरी कोलंबोत चाळून नव्या पोत्यात भरली, तरी ती व्हिएतनामचीच.

कोलंबो हे मोठं ट्रान्सशिपमेंट बंदर आहे, म्हणजे इतर देशांचा मालही तिथे एका जहाजातून दुसऱ्यात चढतो. तिथे जहाजावर चढलेला प्रत्येक कंटेनर श्रीलंकेचा नसतो. उलट, खरा श्रीलंकेचा माल वाटेत तिसऱ्या देशात उतरला तर तिथे तो विकला गेला नाही आणि चढवण्या-उतरवण्यापलीकडे त्यावर काही झालं नाही, हे दाखवावं लागतं. शक्य असेल तेव्हा थेट वाहतूकच ठरवा.

दाखला आणि त्यामागची माहिती

मूळ देशाचा दाखला कोलंबोतला वाणिज्य विभाग देतो. तो हातात आला की काम संपलं, असं पूर्वी बरेच आयातदार धरून चालत. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम (व्यापार करारांखालच्या मालाचा मूळ देश तपासण्याचे सीमाशुल्क नियम) लागू झाले आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८डीएखाली मूळ देशाबद्दल पुरेशी माहिती जवळ ठेवण्याची जबाबदारी थेट आयातदारावर आली. या नियमांतल्या फॉर्म १ मध्ये उत्पादनाची प्रक्रिया, वापरलेला कच्चा माल, त्याचा मूळ देश आणि मूल्यवर्धनाचा हिशेब, सगळं मागितलेलं असतं. अधिकाऱ्याने मागितल्यावर ही माहिती १० कामाच्या दिवसांत द्यावी लागते. १० दिवसांत कोलंबोहून कारखान्याचा हिशेब मिळवणं फार अवघड, म्हणून तो ऑर्डरसोबतच मागवून ठेवा. बिल ऑफ एंट्रीच्या (कस्टम्सकडे भरायच्या आयात अर्जाच्या) तारखेपासून किमान ५ वर्षं ही कागदपत्रं जपायची आहेत.

बिल ऑफ एंट्रीत सवलतीची अधिसूचना, तिचा अनुक्रमांक, दाखल्याचा क्रमांक व तारीख, मूळ ठरवण्याचा निकष आणि वाहतूक थेट आहे का, हे भरावं लागतं. दाखला अपुरा असेल, मुदतीबाहेरचा असेल किंवा त्यावरच्या खाडाखोडीला देणाऱ्या कार्यालयाची सही-शिक्का नसेल, तर पुढची पडताळणी न करताच सवलत नाकारता येते. पेनाने केलेली एक दुरुस्तीसुद्धा तशीच सोडू नका, दाखला परत पाठवून नीट करून घ्या. मूळ कागद निघण्याआधी स्कॅन प्रत मागवली, तर ही चूक तिथल्या तिथे सापडते.

शंका आली तर कस्टम्स श्रीलंकेच्या वाणिज्य विभागाकडे पडताळणी मागते. तोवर शुल्कातल्या फरकाएवढी हमी देऊन माल तात्पुरता सोडवता येतो. पैसे अडकतात, पण डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, वाचतो.

साफ्टा हा दक्षिण आशियाई देशांचा वेगळा मुक्त व्यापार करार आहे, त्याचा दाखला वेगळा आणि अधिसूचनाही वेगळी. एका कराराचा दाखला दुसऱ्यासाठी चालत नाही. मिरीचा कोटा संपल्यावर साफ्टाकडे वळायचं असेल, तर दाखला निघण्याआधीच पुरवठादाराला तसं कळवावं लागेल.

मसाले आणि खाद्यमालाला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) आणि प्लांट क्वारंटाइनची (वनस्पतींवरच्या कीड-रोगांच्या तपासणीची) मंजुरी वेगळी लागते. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, माल निघण्यापूर्वीच तयार हवं.

ऑर्डरआधी आमच्याकडे पाठवायचं ते एवढंच: प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (ऑर्डरआधीचं कच्चं बिल), एचएस कोड, कारखान्याचा मूल्यवर्धनाचा हिशेब आणि जहाजाचा मार्ग. व्यापारी मध्ये असेल तर प्रत्यक्ष उत्पादकाचं नाव-पत्ताही लागेल, कारण फॉर्म १ ची उत्तरं त्याच्याकडेच असतात.